न मरणारं झाड आणि हाताशी असलेला नळ

‘सहसा मरत नाही’ अशी चिठ्ठी कुंडीला लावलेली होती. ती चिठ्ठी अजून ड्रॉवरमध्ये आहे. झाड गेलं.

झीझी प्लांट होतं. जाड देठ, मेण लावल्यासारखी चकचकीत पानं. दणकट झाडांच्या प्रत्येक यादीत पहिल्या तीनात याचं नाव असतं, म्हणून मी ते सिंकच्या वरच्या खिडकीत ठेवलं आणि निर्धास्त झाले. आठ महिने ते तसंच्या तसं हिरवंगार. मग एका रविवारी खिडकी पुसताना कुंडी सरकवायला म्हणून एक देठ धरला, तर तो अलगद हातात आला. ओढावासुद्धा लागला नाही. खालचं टोक तपकिरी, पाणचट, आणि तुंबलेल्या गटारासारखा वास. माती उकरली. या झाडाला मातीखाली कंद असतात, पाण्याचा बराचसा साठा त्यांच्यात. त्या कंदांची नुसती सालं उरली होती, आत चिखल. आणि वर उरलेले चार देठ? ते अजूनही हिरवे, तजेलदार, चकचकीत! झाड खालून कधीच गेलं होतं, पानांपर्यंत बातमी पोचली नव्हती इतकंच.

संध्याकाळी चौकशी बसवली. पाणी कोण घालत होतं? मी घालत होते, दर रविवारी. नवरा म्हणाला, ‘मी ऑफिसहून आल्यावर बाटलीतलं उरलेलं ओततो, रोज नाही, कधीमधी.’ आई म्हणाली, ‘ग्लासात घोटभर उरतं ते कशाला मोरीत ओतायचं?’ मुलगी काहीच बोलली नाही, म्हणजे तीही घालत होती. चार माणसं, एक वीतभर कुंडी, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकी कुणाचं या बिचाऱ्याकडे लक्षच नाही.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय. स्वयंपाकघरातली झाडं तहानेनं मरत नाहीत, बुडून मरतात. हॉलमधल्या झाडाला पाणी घालायचं तर उठावं लागतं, भांडं शोधावं लागतं, त्या आळसावर ते जगतं. सिंकवरच्या खिडकीतल्या झाडाच्या आणि नळाच्या मध्ये फक्त आपला हात असतो. त्यामुळे ‘स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी दणकट झाड कोणतं?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, घरात पाणी घालणारे हात किती?

‘दणकट’ या शब्दानंच घोळ केलाय. झीझी, स्नेक प्लांट, जेड, कोरफड ही मंडळी दणकट आहेत ती दुष्काळाला. तीन आठवडे विसरा, काही म्हणणार नाहीत. आपण मात्र ऐकतो की ती कशालाही दणकट आहेत. पाण्याचा साठा अंगातच घेऊन बसलेल्या झाडाला रोज घोटभर पाणी देणं म्हणजे जेवून उठलेल्या पाहुण्याला परत पानावर बसवणं. शिवाय या झाडांची सगळी कामं सावकाश. मरणंसुद्धा. नाजूक झाड दोन दिवसांत मान टाकतं, तुम्ही सावध होता, ते वाचतं. दणकट झाड महिनाभर काही दाखवतच नाही, आणि दाखवतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, हे आपल्याला शाळेत शिकवतात आणि आपण कुंडीपाशी आलो की विसरतो. मातीच्या कणांमधल्या फटीत हवा असते. त्या फटी सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांवर पिथियम, फायटोफ्थोरा असले कुजवणारे जीव ताव मारतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे माती ओलीचिंब आणि पानं मात्र सुकलेली, लोंबलेली. आपण पान बघतो, मातीत बोट घालत नाही. ‘अरे, तहानलंय वाटतं!’ आणि अजून एक ग्लास.

यावर सगळे सांगतात तो उपाय म्हणजे कुंडीच्या तळाला खडे घाला, निचरा होतो. मीही वर्षानुवर्षं घालत होते. त्यानं निचरा होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजी उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजून टम्म होईपर्यंत ते तिथेच धरून राहतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी राहिला असता तो चिखलाचा थर खड्यांमुळे उलट वर, मुळांच्या जवळ आला. भोक हवं, माती भुसभुशीत हवी, आणि खालच्या बशीत साचलेलं पाणी ओतून टाकायला हवं. भोक नसलेल्या सुंदर चिनी मातीच्या कुंड्या, त्या खास खिडकीत शोभून दिसाव्यात म्हणून विकतात ना, त्यांच्यात मी आता चमचे ठेवते.

बोट घालण्यापेक्षाही मला कुंडी उचलून बघणं जास्त खात्रीचं वाटतं. पाणी घातल्या घातल्या एकदा उचला, वजन हाताला कळू द्या. मग काही दिवसांनी उचला. हलकी फूल झाली असेल तरच पाणी. प्लास्टिकच्या कुंडीत हे फार स्पष्ट कळतं.

आता उजेड. इथे डोळे आपल्याला सर्रास फसवतात. भर दुपारी बाहेर उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो, आणि आपल्याला छान वाटणाऱ्या खोलीत काहीशे. आपल्या बाहुल्या मोठ्या होतात आणि फरक जाणवत नाही, झाडाला बाहुल्या नाहीत. त्यात स्वयंपाकघराची खिडकी बहुधा लहान, जाळी लावलेली, आणि जाळीवर तेलाचा जुना थर. सोपी परीक्षा म्हणजे दुपारी झाड ठेवायचं त्या जागी कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावली रेखीव, बोटं मोजता येतील अशी पडली तर उजेड भरपूर. पुसट डाग दिसला तर मध्यम. काहीच दिसलं नाही तर तिथे झाड नको, घड्याळ लावा.

रेखीव सावली असेल तरच जेड किंवा कोरफड. पुसट सावलीत ती मरत नाहीत लगेच, पण मान लांब करून काचेकडे वाकत जातात, देठ पिळपिळीत होतात. बघवत नाही. त्याच पिटुकल्या आकारात हवं असेल तर हावर्थिया घ्या, ती कमी उजेडातही आपला आब राखून असते आणि खिडकीच्या कडेवर मावते. स्वयंपाकात खुडून वापरायच्या हिरव्या रोपांबद्दल बरेच जण विचारतात. कल्पना गोड आहे, पण त्यांना रोज पाच-सहा तास ऊन लागतं. तेवढं येत नसेल तर नाद सोडा.

कमी उजेडाच्या खिडकीसाठी माझं लाडकं झाड फारसं कुणी सुचवत नाही, ते अ‍ॅस्पिडिस्ट्रा. मूळ जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचं, दाट झाडीच्या सावलीत वाढणारं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घरोघरी हे झाड होतं. त्या घरांत गॅसचे दिवे, कोळशाचा धूर, जाड पडदे. बाकीची झाडं त्यात टिकायची नाहीत, हे टिकलं, म्हणून त्याला ‘कास्ट आयर्न प्लांट’ असं नाव मिळालं. शेगडीच्या शेजारी राहायचा इतका अनुभव दुसऱ्या कुठल्या झाडाकडे असेल असं मला वाटत नाही. दोष एकच, फार हळू वाढतं. जमिनीतून एक पान येतं, मग बराच काळ शांतता. घाई असणाऱ्यांनी घेऊ नये. आणि थेट उन्हात ठेवू नये, पानं भाजतात.

गॅसच्या दिव्यांवरून आठवलं. रस्त्याखालच्या गॅसवाहिन्या गळायच्या तिथल्या झाडांची पानं गळतात, हे लोकांनी तेव्हाच पाहिलं होतं. १९०१ साली दिमित्री नेल्युबोव या रशियन शास्त्रज्ञानं प्रयोगशाळेतल्या वाटाण्याच्या रोपांवरून शोधून काढलं की त्या गॅसमधला इथिलीन नावाचा वायू झाडांवर परिणाम करतो. हेच इथिलीन पिकणारी फळंही सोडतात. म्हणून फळांची टोपली झाडाला खेटून ठेवू नका. पानांची झाडं बरंच सोसतात, फुलांची मात्र कळ्या गाळून बसतात. मी खिडकीत फुलझाड ठेवायचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळा शेजारी फळांची टोपली होती.

वाफेबद्दल उगाच भीती घालतात, वाफेनं काही होत नाही. खरा त्रास तेलाचा. महिनाभर न पुसलेल्या पानावरून बोट फिरवून बघा. बोट सरकत नाही, चिकटतं. पुढे पान हिरवं आणि मागे एक राखाडी रेघ उमटते. हवेतलं तेल पानावर बसतं, त्यावर धूळ, त्यावर परत तेल. आधीच कमी असलेल्या उजेडाला वरून हे पांघरूण. त्यामुळे झाड निवडताना पान गुळगुळीत आणि रुंद आहे ना, एवढं बघाच. आफ्रिकन व्हायोलेटसारखी लव असलेली पानं पुसता येत नाहीत, नेच्याची झिरमिळी पुसायला गेलात तर हातात येतात. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, एका तळव्यावर पान आडवं घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं देठाकडून टोकाकडे पुसायचं. मग साध्या पाण्याचा एक हात. खालची बाजूही पुसा, श्वासाची छिद्रं बऱ्याच झाडांत खालीच जास्त असतात. पानं चमकवायचे फवारे मिळतात ते मला पटत नाहीत. एक थर काढून दुसरा कशाला चढवायचा?

स्नेक प्लांट पुसायला सगळ्यात सोपं, उभ्या तलवारी. त्याची छिद्रं रात्री उघडतात, दिवसाच्या उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून. यावरून ‘रात्री ऑक्सिजन देणारं झाड’ अशी त्याची जाहिरात चालते, त्यात फार काही अर्थ नाही. घरातली झाडं हवा शुद्ध करतात हे दुसरं लाडकं मिथक. ते १९८९ च्या नासाच्या अहवालावरून आलं, आणि ते प्रयोग बंद पेटीत केलेले होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. घरात हवा जशी आपोआप खेळते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर चौरस मीटरमागे १० ते १००० झाडं लागतील. म्हणजे आपल्याला उभं राहायला जागा नाही. खिडकी उघडा, झालं. झाड ठेवायचं ते भांडी घासताना समोर काहीतरी जिवंत दिसावं म्हणून. मला तेवढं कारण पुरतं.

घरात मांजर, कुत्रा किंवा दिसेल ते तोंडात घालणारं बाळ असेल तर मात्र यादी बदलते. मनी प्लांट, झीझी, पीस लिली यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चावलं की तोंड चांगलंच पोळतं. स्नेक प्लांटही प्राण्यांना चालत नाही. अशा घरात स्पायडर प्लांट, अ‍ॅस्पिडिस्ट्रा किंवा हावर्थिया. स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी होतात म्हणून लोक हळहळतात. पाण्यातल्या क्षारांनी, फ्लोराइडनी होतात बऱ्याचदा. कात्रीनं टोक छाटा आणि विसरा.

आता आमच्या खिडकीत काय आहे ते सांगते. झीझी परत आणायचं धाडस झालं नाही. चार हातांना शिस्त लावणं माझ्याच्यानं होणार नाही, हेही मान्य केलं. मग वाटलं, या घराला पाणी घालायचंच आहे ना, तर पाण्यातच राहणारं झाड आणावं.

मनी प्लांट सगळ्यांना माहीत आहे म्हणून त्याला कुणी किंमत देत नाही. मूळ फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचं, आणि आज जगात कुठल्याही खिडकीत दिसतं. एक फांदी घ्यायची, पेराच्या गाठीच्या जरा खाली कापायची. नीट बघितलं तर त्या गाठीवर आधीच एक तपकिरी कोंब डोकावत असतो, तेच मूळ. ती गाठ पाण्यात बुडली पाहिजे, पान बुडता कामा नये, बुडलेलं पान सडतं. दीड-दोन आठवड्यांत पांढरी मुळं सुटतात. मी पारदर्शक बाटली घेतली होती, कारण मुळं बघायला मजा येते. उजेडानं आत हिरवं शेवाळ धरलं. मग जुनी तपकिरी काचेची बाटली शोधली. पाणी आठवड्याला पूर्ण बदलते, नाहीतर डासांची सोय होते. पाण्यात फुटलेली मुळं मातीसाठी घडलेली नसतात, त्यामुळे वर्षभरानं मातीत लावायचा विचार केलात तर झाड काही दिवस रुसतं. मी लावणार नाहीये.

वेल आता खिडकीच्या गजाला वळसा घालून पलीकडे निघाली आहे. सहा पानं नवीन आली. काल आईनं ग्लासातलं उरलेलं पाणी सवयीनं तिच्यात ओतलं. बाटली काठोकाठ भरलेलीच होती, वरचं पाणी ओघळून सरळ सिंकमध्ये गेलं.

‘भरलीये गं ही,’ आई म्हणाली, आणि उरलेला घोट स्वतः प्यायली.