थंडीत तणनाशक चालत नाही म्हणे!

ऑक्टोबर लागला आणि न्यू जर्सीच्या मराठी ग्रुपवर फॉरवर्ड आला: पारा 60 फॅरनहाइटखाली गेला की लॉनवर तणनाशक चालत नाही. एप्रिलमध्ये डँडेलियन या तणाची पिवळी फुलं दिसली की मारा, कुठलंही चालतं. नाहीतर व्हिनेगर-मीठ आहेच.

चालत नाही? चालतं, फक्त सावकाश. 2,4-डी, डायकॅम्बा ही औषधं पानातून मुळापर्यंत उतरतात आणि गार हवेत तण मरायला दोन-तीन आठवडे सहज लागतात. चौथ्या दिवशी डँडेलियन टवटवीत दिसला म्हणून लोक दुसरा हात मारतात, त्यात गवतही पिवळं पडतं. दिवसा पारा 50 च्या वर असला की फवारा.

एप्रिलचा सल्ला तर उफराटाच. पानगळीच्या दिवसांत डँडेलियन पानांतली साखर सोटमुळात साठवतो आणि औषध त्याच वाटेनं खाली जातं. वसंतात मुळातला साठा वर फुलापानांकडे निघालेला असतो. पानं करपतात, मूळ तगून पुन्हा फुटतं. क्रॅबग्रास या गवतासारख्या तणाची गोष्ट वेगळी. तो कडक दंवानं आपसूक मरतो, त्याच्यावर आता पैसे घालवू नका. त्याचं बी उगवू न देणारं औषध मात्र वसंतातच टाकायचं.

‘कुठलंही चालतं’ यातच खरी गोम आहे. बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचा. 2,4-डीपुढे ‘एथिलहेक्सिल एस्टर’ असेल तर ती थंडीची बाटली. एस्टर पानावरच्या मेणचट थरातून लवकर आत शिरतं. ‘डायमिथाइलामाइन सॉल्ट’ असेल तर उन्हाळ्यासाठी ठेवा, कारण 85 च्या उन्हात एस्टरची वाफ होऊन शेजाऱ्यांचे टोमॅटो वाकडे होतात. क्रीपिंग चार्ली (जमिनीलगत पसरणारं तण) पसरली असेल तर ट्रायक्लोपिर असलेलं औषध शोधा. आणि ग्लायफोसेट लॉनवर नकोच, ते तणाबरोबर गवतही मारतं. (ग्लायफोसेटसाठी ओळखल्या जाणाऱ्या राउंडअप नावानं लॉनचं वेगळं औषधही मिळतं, म्हणून नावावर जाऊ नका.)

व्हिनेगरनं फक्त पान करपतं. मिठानं माती बिघडते.

कॅनडात ऑन्टारिओतल्या मंडळींना यातलं बरंचसं लागूच नाही: तिथे 2009 पासून घरच्या लॉनवर 2,4-डीला बंदी आहे. तिथे मिळतं ते लोहयुक्त तणनाशक, आणि तेही गार हवेत चालतं. पानं काही तासांत काळी पडतात, पण मूळ पुन्हा फुटू शकतं. तिथे मात्र लेबलवर दिलेल्या अंतरानं दुसरा हात मारावा लागतो.