अर्धी गोळी म्हणजे नक्की किती मिलिग्रॅम?

चिठ्ठीवर '½' लिहिलेलं असतं, घरात गोळी अख्खी असते, आणि मग हाताला येईल ते: सुरी, विळी, अडकित्ता, नाहीतर सरळ दात. गोळी मोडणं आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय की त्यात काही चुकू शकतं हे कुणाच्या मनातही येत नाही. माझं मत स्पष्ट आहे. गोळी मोडणं हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे. आणि मोडायचीच असेल तर डोस मिलिग्रॅममध्ये माहीत हवा. 'अर्धी' एवढ्यावर भागत नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा तर मोडण्याच्या आधीच होतो. डॉक्टरांनी ५० मिलिग्रॅमची अर्धी गोळी सांगितलेली असते. पुढच्या महिन्यात मेडिकलमध्ये ५० ची नसते, म्हणून मेडिकलवाला २५ ची देतो आणि 'ही पूर्ण घ्या' असं तोंडी सांगतो. आणायला मुलगा गेलेला, घेणार आजी, आणि आजींच्या हाताला अर्धीची सवय. त्या २५ चीही अर्धीच करतात आणि डोस निम्म्यावर येतो. उलटा प्रकारही होतो: २५ ची पूर्ण घेणाऱ्याच्या हातात ५० चं पाकीट पडतं आणि डोस दुप्पट होतो. म्हणून चिठ्ठीवर 'अर्धी' दिसली की दवाखान्यातून उठण्याआधी विचारा, 'म्हणजे किती मिलिग्रॅम?' आणि तो आकडा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. गोळीची ताकद बदलली की जुनं उरलेलं पाकीट त्याच डब्यात ठेवू नका.

दुसरा प्रश्न मेडिकलमध्ये विचारायचा: 'याच औषधाची कमी ताकदीची गोळी येते का?' बहुतेक वेळा येते. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन बघा. आपल्याकडे ती १२.५, २५, ५०, ६२.५, ७५, ८८, १०० अशा कितीतरी मात्रांत मिळते, आणि हे आकडे मायक्रोग्रॅमचे आहेत, मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाचे. ५० ची गोळी सहज मिळत असताना १०० ची मोडत बसण्यात काहीच अर्थ नाही. हे औषध शरीरात आठवडाभर रेंगाळतं, म्हणून अधलामधला डोस हवा असेल तर डॉक्टर कधी कधी एक दिवस ५० आणि एक दिवस ७५ असं वेळापत्रक देतात. गोळीचे पाव तुकडे करण्यापेक्षा ते कितीतरी बरं. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णांना रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल देतात. त्याही गोळ्या १, २, ३ मिलिग्रॅम अशा येतात. तिथे तर अंदाजाने मोडणं नकोच, कारण डोस थोडा इकडेतिकडे झाला की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) हलतो, आणि एका बाजूला गुठळी, दुसऱ्या बाजूला रक्तस्राव.

मुळात मोडायच्याच नसतात अशा गोळ्या कोणत्या, ते आता. नावापुढे एसआर, ईआर, सीआर, एक्सआर, एक्सएल, एमआर असं काही असेल तर ती गोळी औषध हळूहळू सोडायला बनवलेली असते. ती मोडली किंवा कुटली तर दिवसभराचं औषध थोड्या वेळात रक्तात उतरू शकतं. याला अपवाद आहेत. रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही गोळ्या बारीक दाण्यांच्या बनवलेल्या असतात, त्या खाचेवर अर्ध्या करता येतात. कुटता किंवा चावता मात्र येत नाहीत. पण प्रत्येक कंपनीची घडण वेगळी, म्हणून अपवाद स्वतः ठरवू नका, विचारा.

अ‍ॅसिडिटीच्या पँटोप्राझोलच्या गोळीवर आणि ७५ मिलिग्रॅमच्या बहुतेक अ‍ॅस्पिरिनवर असलेलं कवच पोटातल्या आम्लात न विरघळणारं असतं. पँटोप्राझोलचं ते कवच फुटलं की औषध आम्लातच नासतं. अ‍ॅस्पिरिनचं फुटलं तर ते थेट जठराच्या अस्तरावर पडतं. कॅप्सूल उघडून अर्धी भुकटी घेण्याचा प्रकार तर नकोच. डॅबिगाट्रान हे रक्त पातळ करणारं औषध कॅप्सूलच्या बाहेर काढून घेतलं तर त्याचं शरीरातलं शोषण सुमारे ७५ टक्क्यांनी वाढतं.

आपल्या घराघरात असणारी एक गोळी इथे मुद्दाम सांगायला हवी: मधुमेहाची ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एसआर एकत्र असलेली. बऱ्याचदा ती दुरंगी असते, एका थरात एक औषध, दुसऱ्यात दुसरं. 'आज जेवण कमी झालंय, अर्धीच घेते' असं म्हणून ती मोडली जाते. मोडल्यावर मेटफॉर्मिनच्या थराची हळूहळू सुटण्याची सोय बिघडते. आणि थर आडवा सुटला तर एका तुकड्यात ग्लिमेपिराइड जवळजवळ सगळं आणि दुसऱ्यात काहीच नाही, असंही होऊ शकतं. साखर घसरवणारं औषध नेमकं तेच आहे. जेवण कमी होणार असेल तर काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

मग मोडायची कोणती? साधी, लगेच विरघळणारी, मधोमध खोल खाच असलेली गोळी. नुसती रेघ दिसली म्हणून भुलू नका, काही रेघा ओळखीच्या खुणेसाठीच असतात. खाच असूनही तुकडे अगदी समान होत नाहीत. युरोपियन फार्माकोपियात, म्हणजे युरोपच्या औषधमानकांच्या ग्रंथात, यासाठी चाचणी आहे: ३० गोळ्या हाताने मोडायच्या, प्रत्येकीचा एक तुकडा घेऊन वजन करायचं. सरासरीच्या ८५ ते ११५ टक्क्यांच्या बाहेर एकच तुकडा चालतो, ७५ ते १२५ च्या बाहेर एकही नाही. म्हणजे चांगल्या गोळीचा अर्धा तुकडाही १५ टक्क्यांनी कमीजास्त असू शकतो. अ‍ॅम्लोडिपिन किंवा अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिनसारख्या रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या रोजच्या औषधाला एवढा फरक सहज पचतो, कारण त्यांचा परिणाम एका दिवसाच्या डोसवर ठरत नाही. वॉरफरिन, हृदयाचं डिगॉक्सिन, फिट्सची औषधं यांना तो पचत नाही. पाव गोळीत चूक वाढते, कारण आधीच्या वाकड्या अर्ध्याचा आपण पुन्हा अंदाजाने अर्धा करतो.

मोडताना हात कोरडे हवेत. खाच वरच्या बाजूला ठेवून दोन्ही अंगठे खाचेच्या दोन बाजूंना, बोटं खाली, आणि एका झटक्यात. गोळी फार लहान असेल किंवा बोटांत जोर नसेल तर मेडिकलमध्ये गोळी कापायचा छोटा कटर मिळतो. त्यात गोळी कोपऱ्यात घट्ट बसवायची, खाच पात्याच्या बरोबर खाली आणायची आणि झाकण ठामपणे एकदाच दाबायचं. हळूहळू दाबलं तर गोळी चिरडते. पातं बोथट झालं की चुरा वाढतो, मग कटर बदला. दोन माणसांची औषधं एकाच कटरवर कापत असाल तर मधे तो धुऊन पूर्ण वाळवा. मोडलेल्या गोळीचे दोन्ही तुकडे लागोपाठच्या डोसला वापरा: आज मोठा गेला तर उद्या लहान जाईल आणि बेरीज जुळेल. महिन्याच्या सगळ्या गोळ्या एका दिवशी मोडून ठेवलात तर हा फायदा जातो, शिवाय उघड्या तुकड्यांना दमट हवा लागते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात तर हे हटकून होतं. रक्तदाबाची टेल्मिसार्टन इतकी ओलावा ओढते की ती घ्यायच्या क्षणीच पाकिटातून काढायची असते. तिचा अर्धा तुकडा दुसऱ्या दिवसासाठी ठेवणं बरं नाही. बाकीच्यांचा उरलेला तुकडा कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत, नाव लिहून ठेवा. पाकीट कापताना औषधाचं नाव आणि मुदत छापलेला भाग शेवटपर्यंत राहील असं कापा.

वजनकाट्याबद्दल बरेच जण विचारतात. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी आहे. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा १० मिलिग्रॅमच्या पायऱ्यांनी मोजतो. अख्खी गोळीच १०० मिलिग्रॅम वजनाची असेल तर तिच्या अर्ध्या तुकड्यावर तेवढ्यानेच मोठी चूक होते. शिवाय पाकिटावरचा आकडा गोळीच्या वजनाचा नसतो, आतल्या औषधाचा असतो. बाकी सगळं भरणद्रव्य. २५ मायक्रोग्रॅमची थायरॉइडची गोळी काट्यावर ठेवून २५ शोधत बसलात तर काहीच हाती लागणार नाही.

सगळ्यात नाजूक काम लहान बाळांचं. हृदयाचा दोष असलेल्या तान्ह्या बाळांना स्पायरोनोलॅक्टोन, फ्युरोसेमाइड अशी मोठ्यांची औषधं अगदी थोड्या मात्रेत लागतात. द्रवरूप औषध मिळतं का हे आधी विचाराच. नसेल तर आईवडिलांना सांगितलं जातं: गोळी पाण्यात विरघळवा आणि इतके मिली द्या. हिशेब सरळ आहे. २५ मिलिग्रॅमची एक गोळी १० मिली पाण्यात, म्हणजे दर मिलीत २.५ मिलिग्रॅम, डोस ५ मिलिग्रॅम सांगितला असेल तर २ मिली. पण किती पाण्यात आणि किती मिली, हे दोन्ही आकडे डॉक्टरांनी लिहून द्यायला हवेत. स्वतः गणित मांडू नका. प्रत्येक भेटीत बाळाचं वजन वाढलेलं असतं, तेव्हा डोस बदलला का हेही विचारा.

अडचण अशी की ही दोन्ही औषधं पाण्यात नीट विरघळतच नाहीत. पाणी पांढुरकं दिसतं, पण औषधाचे कण तळाशी बसत असतात. वरचं पाणी ओढलं तर डोस कमी, तळातलं ओढलं तर भलताच जास्त. म्हणून गोळी आधी दोन चमच्यांमध्ये दाबून अगदी बारीक करा, चमच्यांना चिकटलेली पूडसुद्धा छोट्या स्वच्छ वाटीत घ्या. उकळून गार केलेलं पाणी सिरिंजने मोजून घाला, 'अर्धी वाटी' नको. चांगलं ढवळा, आणि ढवळणं थांबल्या क्षणी सिरिंजचं टोक मधल्या उंचीवर धरून ओढा. ओढल्यावर सिरिंज आडवी ठेवून बाळाला उचलायला गेलात तर तिच्यातही गाळ बसतो. बाळाला आधी मांडीवर घ्या, मग औषध ओढा. दिल्यावर त्याच सिरिंजमध्ये थोडं पाणी ओढून तेही द्या, कारण आत कण चिकटलेले असतात. वाटी मात्र धुऊन पाजू नका, तिच्यात न द्यायचा भाग आहे. उरलेलं फेकून द्या, संध्याकाळसाठी ठेवू नका. दुधाच्या बाटलीत औषध मिसळू नका: बाळाने निम्मंच दूध प्यायलं तर डोस किती गेला ते कुणालाच सांगता येणार नाही.

सिरिंज सुईविना घ्या आणि टोकावरचं प्लास्टिकचं टोपण आधीच काढून दूर टाका, ते बाळाच्या घशात जाऊ शकतं. २ मिलीच्या सिरिंजवर एक रेघ ०.१ मिलीची असते, ५ मिलीच्या सिरिंजवर ०.२ ची. डोसच्या जवळची लहान सिरिंज वापरा. इन्सुलिनची सिरिंज यासाठी कधीच नको. तिच्यावरचे आकडे युनिटचे आहेत. दर मिलीला ४० युनिटच्या सिरिंजवर '२' पर्यंत ओढलं तर ते ०.०५ मिली होतं, २ मिली नव्हे. औषध गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं, बाळाचं डोकं उंच ठेवून.

सरकारी कार्यक्रमांत मात्र अर्धी गोळी कुणाला आणि कशी द्यायची हे आधीच ठरवून दिलेलं असतं. जुलाबात ओआरएसबरोबर देतात ती २० मिलिग्रॅमची झिंकची गोळी पाण्यात विरघळणारी आहे. २ ते ६ महिन्यांच्या बाळाला तिची अर्धी चमच्यात आईच्या दुधात, ६ महिन्यांनंतर पूर्ण, आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस. जंतनाशक दिनाला अंगणवाडीत १ ते २ वर्षांच्या मुलाला ४०० मिलिग्रॅमच्या अल्बेंडाझोलची अर्धी गोळी चुरून पाण्यातून देतात. ही औषधं मोडायला सुरक्षित आहेत म्हणून तसं सांगितलंय. त्यावरून बाकीची ठरवू नका. तापाच्या औषधातही गोळीच्या पाव तुकड्यापेक्षा पॅरासिटामॉलचं सिरप बरं. फक्त बाटली नीट वाचा: थेंबांत दर मिलीला १०० मिलिग्रॅम असतं, ५ मिलीला १२५ लिहिलेल्या सिरपमध्ये दर मिलीला २५. सिरपचं माप थेंबांना लावलं तर चौपट डोस जातो.

काही गोळ्यांचा चुरा हाताळणाऱ्यालाच धोका असतो. मेथोट्रेक्सेट घरी मोडू किंवा कुटू नये. संधिवातात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते हेही घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. प्रोस्टेटसाठीच्या फिनास्टेराइडची मोडलेली गोळी गर्भवती बाईने हाताळू नये.

आणि डोस दिल्यावर बाळाने ओकारी केली तर घाईने पुन्हा देऊ नका, विशेषतः डिगॉक्सिन. किती औषध आत राहिलं हे आपल्याला कळत नाही आणि डिगॉक्सिनमध्ये योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार कमी आहे. डोस किती वाजता दिला, ओकारी किती वाजता झाली, हे लिहून ठेवा आणि बाळाच्या डॉक्टरांना फोन करा. चुकून जास्त गेलं असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखान्यात जा, गोळीचं पाकीट बरोबर घेऊन.