किती दिवस चिंध्या कवटाळणार?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटायला फारसं काही लागत नाही. या वेळी तो कापडाच्या एका पट्टीवरून पेटला. मी जर्मनीत राहते, इथल्या एका ज्यू संग्रहालयात पाहिलेल्या पट्टीबद्दल मी चार ओळी टाकल्या होत्या. कराडहून दादाचं, म्हणजे माझ्या चुलतभावाचं, उत्तर लगेच हजर : "ऐंशी वर्षं होऊन गेली. किती दिवस चिंध्या कवटाळून बसणार हे लोक? आपण बघ, फाळणी विसरलो, आणीबाणी विसरलो. आपल्यात माणूस गेलं की तेराव्यानंतर कपडे वाटून टाकतात, उरलेले बोहारणीला. मोकळं व्हायचं असतं." खाली अंगठ्यांची रांग. त्यातला एक माझ्या सख्ख्या भावाचा.

कूळकायद्यात गेलेली जमीन मात्र दादा अजून विसरलेला नाही, ती दर दिवाळीला फराळाबरोबर निघतेच. पण हे ग्रुपवर लिहायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते.

ग्रुपवर एक काकाही आहेत, त्यांना हिटलरची 'शिस्त' आवडते. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. २००६ साली खारघरमध्ये हिटलरच्या नावाचं हॉटेल निघालं होतं, आत त्याचा भलामोठा फोटो लावून. मुंबईतल्या ज्यूंनी आवाज उठवल्यावर मालकाने नाव बदललं. एवढं चिडण्यासारखं त्यात काय होतं, हे काकांना आजही कळलेलं नाही. दादा तसा नाही. दादा वाचतो, विचार करतो, म्हणून त्याचं बोलणं लागतं.

तर ती पट्टी. तिला विम्पेल म्हणतात. जर्मनीतल्या ज्यू घरांत मुलगा आठ दिवसांचा झाला की त्याची सुंता होते. त्या वेळी त्याला ज्यात गुंडाळतात ते लिननचं कापड धुऊन त्याचे चार लांब तुकडे करायचे, एकाला एक जोडून तीनेक मीटरची अरुंद पट्टी शिवायची आणि आई, आजी, मावशी, जिच्या हाताला वळण असेल तिने त्यावर भरतकाम करायचं. हिब्रू अक्षरांत मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मतिथी, आणि शेवटी आशीर्वाद : तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, शिकावा, लग्नाच्या मांडवाखाली उभा राहावा, हातून सत्कर्मं घडावीत. कित्येक पट्ट्यांवर बाळाची रासही असते, विंचू, तराजू, सिंह. मुलगा चालता-बोलता झाला की बापाचं बोट धरून सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, जायचा, ती पट्टी देऊन यायचा, आणि तोराची गुंडाळी तिने बांधली जायची.

मी पाहिली ती मीन राशीच्या मुलाची. भरणारीला मासे चांगले येत होते, अक्षरं येत नव्हती. अक्षरांखालची पेन्सिलची रेघ अजून दिसते आणि टाके तिच्या बाहेर घसरलेत. एका माशाच्या शेपटीशी हिरवा दोरा संपलाय, म्हणून अर्धी शेपटी निळी. उसवून पुन्हा करण्याइतका वेळ घरात तान्हं मूल असताना कुणाला असतो? एका टोकाला तपकिरी डाग आहे, तो धुवूनही गेलेला नाही.

अशा पट्ट्यांचा गावच्या सिनेगॉगमधला गठ्ठा म्हणजे त्या गावात जन्मलेल्या मुलग्यांचं नोंद-दप्तर. (मुलग्यांचंच. मुलींनी फक्त भरायची. हे ग्रुपवर वहिनीने विचारलं आणि बरोबर विचारलं.) नोव्हेंबर १९३८मध्ये नाझींनी घडवलेल्या हल्ल्यांत जर्मनीभर १,४०० हून जास्त सिनेगॉग आणि प्रार्थनागृहं जाळली-फोडली गेली, तेव्हा अशी किती दप्तरं गेली असतील. न्यूर्नबर्गने तर नोव्हेंबरचीही वाट पाहिली नाही. हान्स-झाक्स-प्लाट्झवरचं मोठं सिनेगॉग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाडून टाकलं. मी ऑफिसला जाताना तिथूनच सायकल काढते.

वाचल्या त्यातल्या काही माळ्यांवर वाचल्या. देवाचं नाव असलेली जुनी वस्तू फेकायची नाही, म्हणून जीर्ण पोथ्या आणि पट्ट्या सिनेगॉगच्या माळ्यावर टाकायची रीत होती. वुर्त्सबुर्गजवळच्या फाइट्सहोखहाइमला १९८०च्या दशकात असा ढीग सापडला. वाचवणारा दर वेळी सज्जनच असतो असंही नाही. इथून जवळ श्नाइटाखला स्थानिक संग्रहालयाच्या प्रमुखाने सिनेगॉग पाडू दिलं नाही, कारण ती इमारत त्याला स्वतःच्या संग्रहालयासाठी हवी होती.

आता दादाचं 'मोकळं व्हायचं असतं'. अरे दादा, मोकळं व्हायला आधी माणूस रीतसर मरावं लागतं. तेराव्याला तिथी लागते. २९ नोव्हेंबर १९४१ला न्यूर्नबर्गहून साधारण हजार ज्यूंना घेऊन गाडी लाटव्हियातल्या रीगाला गेली. त्यातल्या बहुतेकांचा मृत्यू कोणत्या दिवशी झाला याची नोंद कुठेच नाही. कुणाचा तेरावा घालायचा आणि कधी?

आणि कपडे वाटायला आधी कपडे हातात राहावे लागतात. १९४०पासून ज्यूंना कापडाचं रेशनकार्ड बंद. सप्टेंबर १९४१मध्ये पिवळा तारा आला, तोही कापडाचाच, १० फेनिगला एक, कापून घरीच शिवायचा, घट्ट, टाचणीने लावलेला चालायचा नाही. म्हणजे बाळाच्या पट्टीवर मासे भरणारे हातच काही वर्षांनी त्याच मुलाच्या कोटावर तो तारा शिवत होते. जानेवारी १९४२मध्ये लोकरीचे आणि फरचे कपडे जमा करायचा हुकूम निघाला, रशियातल्या सैनिकांसाठी, भर हिवाळ्यात. शेवटी हद्दपारीच्या आधी सोळा पानी फॉर्म : घरात काय काय आहे ते स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. चादरी किती, अभ्रे किती, टॉवेल किती. असे फॉर्म पोट्सडामच्या अभिलेखागारात हजारोंनी जपून ठेवलेत. नीट अक्षरात भरलेले.

त्यानंतर लिलाव. लपूनछपून नाही, जाहीर. हॅम्बुर्गच्या बंदरात ज्यूंच्या घरांतलं सामान जहाजांनी यायचं. इतिहासकार फ्रांक बायोर यांच्या हिशोबाने तिथल्या आणि आसपासच्या लाखावर लोकांनी ते विकत घेतलं. कपडे, पडदे, पलंगपोस. बोहारीण निदान बदल्यात पातेलं देते, दादा.

इथे मला थोडं थांबायला हवं, कारण ग्रुपवर मी नेहमी ऐकवते की जर्मन लोक बघा कसे आठवण ठेवतात. ठेवतातच. आमच्या घराजवळच्या वाटेवर चार पितळी दगड आहेत, तिथून नेलेल्या माणसांची नावं कोरलेले, माझा मुलगा अक्षरं जोडायला त्यांच्यावर शिकला. शाळेची सहल डाखाउच्या जुन्या छळछावणीला जाते, आणि कुणी पालक 'मुलांच्या मनावर परिणाम होईल' म्हणून चिठ्ठी पाठवत नाही. आपल्याकडे एवढं जरी झालं तरी खूप होईल. पण रविवारच्या फ्लोमार्क्टला, म्हणजे जुन्या बाजारात, जुन्या लिननच्या चादरींच्या घड्या असतात, कडक इस्त्रीच्या, कोपऱ्यात लाल दोऱ्याने दोन अक्षरं भरलेल्या, पाच युरोला एक. विकणाऱ्याला विचारलं ही अक्षरं कुणाची, तर खांदे उडवतो : कुणाच्या तरी ओमाची, आजीची. बहुतेक वेळा ते खरंही असेल. पण दगडापाशी मान खाली घालणारा देश स्वतःचं कपाट मात्र चटकन उघडत नाही, हे ग्रुपवर मी कधी लिहिलं नाही. दादाला आयतं कोलीत मिळालं असतं.

दादाला जगून आलेल्यांच्या गोष्टी आवडतात, म्हणून एक. ल्विव, तेव्हाचं पोलंडमधलं ल्वूव. १९४३मध्ये तिथली ज्यू वस्ती रिकामी केली तेव्हा क्रिस्टिना खिगर ही सात-आठ वर्षांची पोर आईवडील आणि धाकट्या भावाबरोबर शहराच्या गटारात उतरली. लेओपोल्ड सोखा नावाच्या गटार-कामगाराने त्यांना आणि आणखी काही जणांना तिथे चौदा महिने जगवलं. तिच्या अंगात हिरवा स्वेटर होता, आजीने विणलेला. आजी वाचली नाही. क्रिस्टिना पुढे अमेरिकेत दातांची डॉक्टर झाली, आणि तो स्वेटर आता वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात आहे. चौदा महिने घाणीत राहिलेली लोकर. दादा, हीसुद्धा चिंधीच की. पण आजीने सुई किती घट्ट ओढली, हे आज त्या चिंधीखेरीज कोण सांगणार आहे?

यावर दादाचा ठरलेला हुकमाचा पत्ता : "आपल्याकडे ज्यूंना कुणी बोट लावलं नाही." बऱ्याच अंशी खरं आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे. बेने इस्राएल कोकणात शतकानुशतकं तेल गाळत राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हटले गेले, अलिबागला त्यांचं सिनेगॉग उभं आहे. १९४८नंतर बहुतेक इस्राएलला गेले आणि तिथूनही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी मासिक चालवलं. आकाशवाणीची ती सकाळची धून ज्याच्या नावावर सांगतात तो वॉल्टर कॉफमनही १९३४मध्ये प्राग सोडून मुंबईला आलेला ज्यूच. सगळं खरं. पण म्हणूनच तर आपल्याला हे कळायला जड जातं. अलिबागहून निघालेल्या बाईने काय बरोबर घ्यायचं आणि काय शेजारणीला द्यायचं, हे तिचं तिने ठरवलं. रीगाच्या गाडीतल्या बाईचं कपाट दुसऱ्याच कुणीतरी रिकामं केलं. बोट न लावणाऱ्यांना निदान एवढा फरक दिसावा.

आता माझं. आजीची वाकळ मी इकडे आणली. माळ्यावर धूळ खात होती, वहिनी म्हणाली, ने. इथे ती सोफ्यावर असते, आणि जेवायला येणारे जर्मन मित्र हात फिरवून कौतुक करतात. कौतुक मला आवडतं, खोटं कशाला बोलू? मग कुणीतरी विचारतं, हा तुकडा कुणाचा? आजीचं इरकली लुगडं मला ओळखू येतं आणि माझा शाळेतला फ्रॉक. बाकीच्या जागी मी 'घरातल्या बायकांचे' असं म्हणून वेळ मारून नेते. मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर दादाला वाकळ दाखवली, तर चहाचा कप खाली न ठेवता तो सांगत सुटला : ते निळं थोरल्या आत्याचं, डोहाळजेवणातलं. विटकरी माझ्या आईचं, त्यावर तू शाई सांडली होतीस. मधलं पिवळं बापूंच्या धोतराचं, आजीने हळदीत बुडवलं होतं. कडेचा धावदोरा वाकडा आहे ना, तो तुझ्या आईचा, आजीने रागावून तेवढाच तसाच ठेवला होता.

चिंध्या म्हणणाऱ्याला सगळं पाठ आहे. तो तिथे होता, ती उन्हात घालताना, तिच्यावर आजारी पडलेलं माणूस निजलेलं असताना. मोकळं होणं त्याला जमतं, कारण त्याला वस्तू लागतच नाही. मला लागते. मी लांबच्या लोकांच्या मेलेल्यांबद्दल घरच्यांना जाब विचारते तेव्हा त्यात त्या मेलेल्यांची बाजू किती आणि मी निघून आल्याची टोचणी किती, याचा हिशोब मला घालता येत नाही. तरीही दादा चूक आहे असं मला वाटतं. जिथे सांगणारा दादाच मारून टाकलाय, तिथे कापडालाच बोलावं लागतं.

पुढच्या महिन्यात माझ्या आइनब्युर्गरुंगची, म्हणजे जर्मन नागरिकत्व घेण्याची, अपॉइंटमेंट आहे. २०२४पासून त्यात एक कबुली लिहून द्यावी लागते : नाझी राजवटीचा अन्याय आणि त्याचे परिणाम यांबाबत जर्मनीची जी खास ऐतिहासिक जबाबदारी आहे, विशेषतः ज्यू जीवनाच्या रक्षणाची, ती मला मान्य आहे. हे मी ग्रुपवर सांगितलं तेव्हा काकांनी हसणारे चेहरे पाठवले. दादाने लिहिलं, "म्हणजे पाप त्यांच्या आजोबांचं, सही तुझी. आणि वर आपला पासपोर्ट परत." मी लिहिलं की पाप वेगळं, जबाबदारी वेगळी, ज्या गावात घर घेतलं त्या गावाची देणीही घ्यावी लागतात. लिहिताना फार पटत होतं. त्याने विचारलं, "आणि आमच्याकडची देणी?"

सही मी करणार आहे. त्याच आठवड्यात कराडला बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. भाऊ बेंगळुरूला, मी इथे, म्हणून तिथल्या कागदांवर जवळचा नातेवाईक म्हणून सही दादा करतोय.