'किंगडम' म्हणजे साम्राज्य नव्हे, आईचं माहेर!

ब्रिटिश अभियंता इझंबार्ड किंगडम ब्रुनेलवरचा तुमचा लेख छान, पण त्याच्या नावातला 'किंगडम' साम्राज्याच्या अभिमानातून आला, हे त्यातलं म्हणणं साफ चूक. त्याची आई सोफिया माहेरची किंगडम. आणि 'इझंबार्ड' आला वडिलांच्या, मार्क इझंबार्ड ब्रुनेल यांच्या, मधल्या नावातून. म्हणजे आई-बाप दोघंही त्या एका नावात बसलेत. वडील मूळचे फ्रान्सच्या नॉर्मंडीतले; साम्राज्याचा अभिमान कुठला घेऊन बसलात!

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची पुरवणी करताना मी दोन उन्हाळे घालवले. जुन्या प्रतीत पणजोबांच्या चौकटीत जन्म, शिक्षण, नोकरी, बदल्या सगळं. पणजीपुढे नुसतं 'पत्नी : लक्ष्मी', माहेरच्या रकान्यात आडवी रेघ. ती रेघ भरायला मला कोकणात तीन फेऱ्या माराव्या लागल्या. म्हणून लेखात आईच गायब, हे टोचलं. सोफिया काही साधी बाई नव्हती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत इंग्रज म्हणून तिला तिथे कैदेत टाकलं होतं. पुढे 1821 मध्ये मार्क कर्जापायी लंडनच्या तुरुंगात गेले, तेव्हा ती त्यांच्यासोबत आत राहिली. पोरगा तेव्हा पंधरा वर्षांचा. त्यानंतर सातच वर्षांनी तो, वडील लंडनच्या थेम्स नदीखालून खणत होते त्या बोगद्यात पाणी शिरलं तेव्हा बुडता बुडता वाचला. ग्रेट वेस्टर्न रेल्वे, पूल, जहाजं यांवर लेखात भरपूर आहे, पण आईचा साधा उल्लेखही नाही. तेवढं दुरुस्त करा.