मासा काहीही खातो, तर लुअर निवडायचे कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

समुद्रातले शिकारी मासे काय खातात आणि त्यानुसार लुअर, म्हणजे गळाला लावायचे कृत्रिम आमिष, कसे निवडावे, या माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. शिकारी मासा समोर येईल ते खातो, त्यामुळे त्याच्या आहाराचा विचार करून लुअर निवडणे हा लुअर विकणाऱ्यांनी रुजवलेला समज आहे, असा आपला मुख्य आक्षेप आहे. त्यासाठी आपण तीन दाखले दिले आहेत. आपण कापलेल्या एका सुरमईच्या पोटात तारली, माकूल आणि कोळंबी एकत्र निघाली. आपल्याला मिळालेला सर्वांत मोठा जायंट ट्रेव्हली मासा गुलाबी पॉपरवर (पृष्ठभागावर पाणी उडवत चालणाऱ्या लुअरवर) लागला आणि तशा रंगाचा कोणताही मासा तिथे नव्हता. आणि सेलफिशसारखा मासा ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने येत असताना लुअर निरखायला थांबत नाही. शेवटी, एकच लुअर जवळ ठेवायचे झाले तर मी कोणते ठेवीन, असेही आपण विचारले आहे. मुद्दे अनुभवातून आलेले आहेत, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

सुरमईच्या पोटापासून सुरुवात करतो, कारण तोच आपला सर्वांत भक्कम दाखला आहे. पोटात जे सापडते ते माशाने एका बैठकीत खाल्लेले असतेच असे नाही. मऊ मांस काही तासांत विरघळू लागते. माकुलाची चोच मात्र कायटिन या टणक पदार्थाची असल्यामुळे सहजी पचत नाही आणि मांस संपल्यावरही कितीतरी काळ पोटात पडून राहते. माशांच्या कानातले खडे, ज्यांच्यावरून अभ्यासक खाल्लेल्या माशाची जात ओळखतात, तेही मांसापेक्षा जास्त टिकतात. उलट किडे, अळ्या आणि बारीक झिंगे यांचा मागमूस फार लवकर पुसला जातो. त्यामुळे पोटातल्या वस्तूंची नुसती यादी केली, तर माकूल प्रत्यक्षापेक्षा जास्त खाल्ल्यासारखे दिसते आणि किडे खाल्लेच नाहीत असे वाटते. शिवाय ओढाताणीत पुष्कळ मासे पोटातले ओकून टाकतात, म्हणजे रिकामे पोट हाही उपाशीपणाचा पुरावा ठरत नाही.

म्हणून पुढच्या वेळी सुरमईचे जठर चिरल्यावर आतले सगळे एकदम रिकामे न करता एकेक वस्तू बाहेर काढून ओळीने मांडावी. ज्या तारलीची कातडी अजून चंदेरी आहे आणि डोळा शाबूत आहे, ती नुकतीच गिळलेली असते. ज्या तुकड्याची कातडी गेली आहे आणि मांस पांढुरके, बोट लावताच सुटणारे झाले आहे, तो आधीचा. नुसता मणक्याचा दांडा उरला असेल तर तो त्याहूनही आधीचा, आणि सुटी चोच सापडली तर तिच्यावरून वेळेचा अंदाज बांधूच नये. सुरमईच्या पोटात आणखी एक गोष्ट दिसते: भक्ष्य पुष्कळदा अखंड नसते, धारदार दातांनी आडवे कापलेले असते. आता फक्त ताज्या वस्तू बाजूला काढून त्यांची लांबी आणि अंगाची रुंदी मोजावी. त्या सगळ्या एकाच जातीच्या आणि जवळपास एकाच मापाच्या असतील, तर त्या वेळी ती सुरमई त्याच थव्यावर होती असे समजायला हरकत नाही, मग तळाशी कितीही प्रकारचे अवशेष असोत. तारली, माकूल आणि कोळंबी तिन्ही सारखीच ताजी असतील तर मात्र आपले म्हणणे त्या माशापुरते मान्य करावे लागेल. आपल्या प्रतिक्रियेत तीन पदार्थांची नावे आहेत, त्यांची अवस्था नाही; आणि माझ्या दृष्टीने सगळा निकाल त्या अवस्थेवर अवलंबून आहे.

मासा काहीही खातो हे विधान त्याच्या वर्षभराच्या आहाराबद्दल बहुतांशी खरे आहे. एखाद्या ठरावीक तासाला तो काय घेईल याबद्दल ते खरे नाही. फ्लोरिडा कीज या बेटांच्या पट्ट्यात मे-जूनच्या सुमारास पालोलो जातीचे सागरी किडे प्रजननासाठी तळ सोडून वर येतात आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर वाहू लागतात. बोटाहून लहान अशा त्या तांबूस किड्यांवर माणसाच्या वजनाचे टार्पन मासे तुटून पडतात, आणि तो भर चालू असेपर्यंत तळहाताएवढ्या माशाच्या आकाराचे लुअर त्यांच्या तोंडासमोरून नेले तरी ते बहुधा ढुंकून पाहत नाहीत. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर ऱ्होड आयलंडच्या खाऱ्या तळ्यांत वसंताच्या अखेरीस स्ट्राइप्ड बास हा मासा अशाच किड्यांच्या मागे लागतो आणि तिथले गळकरीही हाच अनुभव सांगतात. कारण सरळ आहे. एक किडा पोटाला फारसा आधार देत नाही, पण त्याच्यामागे धावावे लागत नाही आणि घास अखंड मिळत राहतो. एका मापाचे, एका चालीचे अन्न असे मुबलक झाले की माशाची नजर त्या मापावर आणि चालीवर बसते आणि बाकीचे काही काळ अन्न म्हणून त्याच्या लक्षातच येत नाही. बारीक मांदेलीसारख्या माशांवर तुटून पडलेले टुना मोठ्या लुअरकडे पाठ फिरवतात तेही याच कारणाने. तिथे पाच-सहा सेंटिमीटरचे लुअर लागते, आणि एवढे लहान लुअर लांब फेकता यावे म्हणून ते भरीव धातूचे असावे लागते.

आता आपल्या जायंट ट्रेव्हलीकडे येतो. प्रवाळाच्या कडेला फिरणाऱ्या या माशाला मासे, खेकडे, शेवंड, आठपायी, माकूल यांपैकी काहीही चालते. सेशेल्सच्या बेटांजवळ तर तो पाण्यावरून उडणारी सुरय पक्ष्यांची पिल्लेही झेप घेऊन पकडतो. अशा ठिकाणी अन्न विखुरलेले आणि नाना तऱ्हेचे असते, त्यामुळे आलेली संधी सोडणे माशाला परवडत नाही. त्या परिस्थितीत आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि लेखातही मी सर्व जागांना एकच नियम लावलेला नव्हता. नेमकी निवड लागते ती अन्न मुबलक आणि एकसारखे असते तेव्हा. अन्न तुटक आणि मिश्र असेल तर ती सैल ठेवली तरी चालते.

तरीही तो गुलाबी पॉपर कशाशीच जुळत नव्हता, हे मला पटत नाही. पॉपर पृष्ठभागावर चालतो आणि ट्रेव्हली त्याच्याकडे खालून, उजळ आकाशाच्या बाजूला पाहते. त्या कोनातून कोणताही अपारदर्शक लुअर काळपट आकृतीसारखाच दिसतो; पोटाकडचा गुलाबी रंग माणसाला हातात धरल्यावर जसा दिसतो तसा तिला दिसण्याची शक्यता फार कमी. तिला कळते ती आकृतीची लांबी, खोलगट तोंडाने उडवलेले पाणी, त्याचा आवाज आणि थांबत-धडपडत पळण्याची चाल. मोठ्या ट्रेव्हलीसाठी वापरले जाणारे पॉपर साधारण वीतभर लांबीचे असतात, आणि पृष्ठभागाजवळ घाबरून पळणारी वीतभर बोय तिच्या नेहमीच्या भक्ष्यांपैकी आहे. म्हणजे आपण रंग बाजूला ठेवून बाकी सगळे जुळवलेले होते.

रंगाबद्दल आणखी थोडे, कारण सर्वांत जास्त पैसे त्यावर खर्च होतात आणि माझ्या मते तो सर्वांत शेवटी पाहण्याचा भाग आहे. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. स्वच्छ समुद्रातही पंधरा-वीस मीटर खाली साधा तांबडा लुअर काळपट होतो. निळा प्रकाश सर्वांत खोल जातो, आणि किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात हिरवट-पिवळा प्रकाश त्यातल्या त्यात टिकतो. याला एक अपवाद आहे. चमकदार फ्लुओरेसंट गुलाबी किंवा पोपटी रंग निळा प्रकाश घेऊन स्वतःचा रंग बाहेर टाकतात, त्यामुळे खोलवरही ते उठून दिसतात. खोल पाण्यात गुलाबी जिग (खाली बुडणारे जड धातूचे लुअर) चालतो असे अनेक जण सांगतात, त्यामागे हे कारण असू शकते. पण तिथेही रंग फक्त लुअर नजरेस आणून देतो. पुढचे काम माप आणि चाल यांचे.

सेलफिशच्या ताशी शंभराहून अधिक किलोमीटरच्या वेगाचा आकडा जुना आहे आणि आता टिकत नाही. स्नायू किती लवकर आकुंचन पावू शकतात याच्या अलीकडच्या मोजमापांवरून अशा माशांचा कमाल वेग सेकंदाला दहा ते पंधरा मीटर, म्हणजे ताशी छत्तीस ते चोपन्न किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, असे दिसते. प्रत्यक्ष शिकार करताना तो त्याहून पुष्कळ हळू पोहतो: तारलीच्या थव्याला घेरतो, आपली चोच थव्यात सारतो आणि तिच्या फटक्याने एखाद्या माशाला जखमी करून मगच गिळतो. माशाला पाहायला वेळ मिळत नाही, हे गळकऱ्यांच्या रोजच्या अनुभवाशीही जुळत नाही. सुरमई किंवा ट्रेव्हली लुअरच्या मागे होडीपर्यंत येते आणि शेवटच्या क्षणी वळून निघून जाते, हे आपणही पाहिले असेलच.

आपल्या बाजूचा याहून भक्कम दाखला मीच देतो. मार्लिन या लांब चोचीच्या मोठ्या माशासाठी होडीमागे ओढले जाणारे झालरीचे लुअर कोणत्याच माशासारखे दिसत नाहीत. रंगीत प्लॅस्टिकचे डोके, त्याला झिरमिळ्यांची झालर आणि मागे बुडबुड्यांची शेपटी, असे ते ध्यान असते. तरी निळा मार्लिन त्यावर येतो. पण ते सात ते नऊ नॉट, म्हणजे ताशी सुमारे तेरा ते सतरा किलोमीटर वेगाने, पृष्ठभागालगत, वर उसळत आणि पुन्हा बुडत ओढले जाते, आणि त्याची लांबी लहान स्किपजॅक टुनाच्या आसपास असते. निळ्या मार्लिनच्या आहारात स्किपजॅकचा वाटा मोठा आहे. तेच लुअर होडी थांबवून सावकाश गुंडाळले तर त्याचा काही उपयोग होत नाही, यावरून त्यातला कोणता गुण माशाला हवा असतो ते कळते.

म्हणूनच माझ्या लेखात चालीला एवढी जागा होती. खेकडा संकट दिसताच तळाकडे सुटतो आणि वाळूत शिरतो. पर्मिट माशासाठीचे खेकड्याचे लुअर झटपट खाली जाऊन तळावर बसले पाहिजे, मधल्या पाण्यात तरंगणारा खेकडा त्याला खोटा वाटतो. कोळंबी शेपटीचा झटका देऊन मागे उडते आणि मग संथपणे खाली येते. माकूल पाण्याचा फवारा सोडत मागच्या बाजूने जाते, थांबते, पुन्हा जाते. त्याच्या आकाराचे लुअर सरळ, एकसारख्या वेगाने ओढणे म्हणजे त्याची ओळखच पुसून टाकणे. पाणी गढूळ असेल किंवा अंधार असेल तर चालीचे महत्त्व आणखी वाढते, कारण जवळच्या अंतरावर, साधारण एक-दोन अंगलांबींच्या आत, मासा पार्श्वरेषेने, म्हणजे अंगाच्या कडेने जाणाऱ्या संवेदनशील रेषेने, पाण्याची हालचाल ओळखतो. खोलीचेही तसेच आहे. तलवारमासा दिवसा माकुलांच्या मागे पाचशे मीटर किंवा त्याहूनही खोल जातो आणि रात्री वर येतो. दिवसा वरच्या थरात हुबेहूब माकूल ओढून काय मिळणार?

मासा घास कसा घेतो हेही आहाराचाच भाग आहे. हेकरू आणि जिताडा तोंड झटकन उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतात, त्यामुळे मऊ लुअरमध्ये एकच मोठा गळ पुरतो. सुरमई शेपटीकडून तोडते. तिच्यासाठी मागे गळ नसला तर लुअरची शेपटी जाते आणि मासा लागत नाही. तिच्या दातांमुळे तारेचा तुकडा लावावाच लागतो, आणि लहान लुअरची चाल त्याने जड होते हे मान्य करून तो शक्य तितका बारीक घ्यावा लागतो.

एका ठिकाणी मात्र मी आपल्या बरोबर आहे, आणि लेखात ते जेमतेम एका वाक्यात आले होते. हजारो तारल्यांच्या दाट थव्यात अगदी तारलीसारखेच लुअर सोडले तर ते त्या हजारांत हरवते. शिकारी मासा अशा थव्यात बहुधा जो वेगळा पडला आहे, ज्याची चाल बिघडली आहे, त्याला धरतो. तिथे थोडे मोठे लुअर घ्यावे, किंवा त्याच मापाचे घेऊन थव्याच्या खाली जखमी माशासारखे डगमगत बुडू द्यावे. तपशिलाच्या नकलेचा तिथे काहीच फायदा नाही. खवल्यांची छपाई आणि उठावाचे डोळे बहुतेक करून विकत घेणाऱ्यासाठी असतात, हा आपला राग मला रास्त वाटतो.

राहिला शेवटचा प्रश्न. एकच लुअर ठेवायचे झाले तर मी चाळीस ग्रॅमच्या आसपासचा, सडपातळ, रंग न दिलेला चंदेरी धातूचा जिग ठेवीन. तो तारली आणि मांदेलीच्या मापांच्या मधोमध बसतो, वाऱ्यावरही लांब जातो, पृष्ठभागालगत वेगाने ओढता येतो, आणि दोर सैल सोडला की डगमगत खाली जाताना मरणाऱ्या माशासारखा चमकतो. किड्यांवर लागलेल्या टार्पनला तो उपयोगाचा नाही, आणि गुडघाभर पाण्यात खेकडे शोधणाऱ्या पर्मिटला तो पाण्यात पडण्याच्या आवाजानेच पळवून लावील. तिथे मी तो पेटीतून बाहेरच काढणार नाही.