माइल्डच आहे, जी

नागपुरात नव्याने राहायला येत असाल तर सामान कमी आणा, पण एक इंग्रजी शब्द आठवणीने घेऊन या. माइल्ड. मराठीत सौम्य आहे, मवाळ आहे, पण ते बोलताना आपण आकाशवाणीवर बातम्या देतोय असं वाटतं. माइल्ड कसा अलगद निसटतो. पथ्य एकच पाळायचं, तो स्वतःच्या दुखण्याला लावायचा नाही. दुसऱ्याच्या दुखण्याला अगदी सढळ हाताने लावा.

सुरुवात पोह्यांपासून करा. सकाळी ठेल्यावर उभे राहा आणि पोह्यांवर हरभऱ्याची तर्री पडायच्या आत विचारा, ‘भाऊ, तिखट आहे का?’ तो तुमच्याकडे न बघता म्हणेल, ‘नाही जी, माइल्ड आहे.’ विश्वास ठेवा. तो खोटं बोलत नाही. लहानपणापासून सावजी खाल्लेल्या जिभेला त्या काळ्या रश्श्याच्या अलीकडचं सगळं वरणच लागतं. दुसऱ्या घासाला तुमचे कान तापतील, तिसऱ्याला नाक वाहू लागेल आणि शेजारचा प्लेट चाटता चाटता विचारेल, ‘पुण्याचे का जी?’ नसलात तरी हो म्हणा. सोपं पडतं.

हवेबद्दल बोलायची रीत हवामान खात्याकडून शिका. मैदानी भागात पारा निदान 40 च्या वर असावा आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी जास्त असावा, नाहीतर त्याने थेट 45 गाठावं, तेव्हा कुठे उष्णतेची लाट म्हणायची. मे महिन्यात नागपूरची दुपारची सरासरीच 42-43 च्या घरात. म्हणजे 44.5 ला तुमची चप्पल डांबराला चिकटून राहिली आणि तुम्ही पुढे गेलात, तरी ती लाट नव्हे. ते नुसतं हवामान. मे 2024 च्या शेवटी इथल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले, देशभर बोंब झाली, मग खात्याने यंत्रातच बिघाड होता असं सांगितलं. देशाला हायसं वाटलं. आम्हाला मात्र त्या यंत्राचं म्हणणं पटलं होतं.

पण या शब्दाचं खरं मैदान दवाखाना. हृदयाच्या एकोचा रिपोर्ट हातात आला की त्यातली शिडी बघा: ट्रेस, माइल्ड, मॉडरेट, सीव्हिअर. माइल्ड दिसलं की पेढे वाटायचे. सोनोग्राफीत लिव्हरला माइल्ड चरबी निघाली तर काळजी करायची नाही. पस्तिशी ओलांडलेल्या माणसाच्या रिपोर्टात ती नसेल तर मात्र रिपोर्ट बदलला का ते विचारून यायचं. आणि कोणाच्या घरी अटॅक आला तर लगेच सगळ्यांना फोन लावायचे: ‘काही नाही जी, माइल्ड होता.’ दोन स्टेंट टाकले, काका चार दिवस आयसीयूत होते, पण माइल्ड होता. हृदयाचा मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, ही माहिती भेटायला जाताना घरी ठेवा, नारळपाणी तेवढं न्या. एक निरीक्षण सांगतो. हे वाक्य मी पुतण्याकडून ऐकलंय, जावयाकडून ऐकलंय, शेजाऱ्याकडून तर अटॅक यायच्या आधीच ऐकलंय. ज्याला आला त्याच्याकडून कधीच नाही.

कोरोनात मीही माइल्ड होतो. सरकारी वर्गवारी स्वच्छ होती, धाप लागत नाही आणि ऑक्सिजन कमी नाही ना, मग माइल्ड. ताप 103, अंगाला कोणी रोलर फिरवल्यासारखं, संडासापर्यंत भिंत धरून जायचं, पण बोटावरच्या यंत्रात 96. फोनवर डॉक्टर म्हणाले, ‘तुमचं माइल्ड आहे, झोपा.’ राग आला होता. 2021 च्या त्या एप्रिलमध्ये लोक खाटेसाठी वणवण करत होते, हे खिडकीतून अँब्युलन्स ऐकून कळलं तेव्हा गिळला.

बायकांच्या बाबतीत तर हा शब्द फारच कामाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 11 ते 11.9 असलं की माइल्ड ॲनिमिया. रिपोर्ट घरात मोठ्याने वाचून दाखवा. ‘माइल्ड आहे’ हे ऐकलं की सगळे निर्धास्त होतात आणि ती पोळ्या लाटायला उठते.

एका ठिकाणी मात्र इंग्रजी चालत नाही, तिथे मराठीच लागतं. 1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन आमच्याकडे भरतं, त्यामागून मोर्चे येतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं, ‘पोलिसांचा सौम्य लाठीमार’. लाठी तीच, खांदा तोच, पोलीसही तेच. सौम्यपणा कुठून येतो ते बातमीदारालाच ठाऊक. तुम्ही मोर्च्यात असाल तर घरी येऊन पाठीला शेक घ्या, आणि वळ दिसला तर पेपर वाचून खात्री करा. फक्त सीताबर्डीतल्या शहीद गोवारी उड्डाणपुलावरून जाताना हा शब्द तोंडात ठेवू नका. 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी समाजाच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं गेली. बाया आणि लेकरं जास्त.

पानठेल्याचं आटोपतं घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या तंबाखू नियंत्रण कराराने पाकिटावर ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’ लिहून फसवणूक करू नका असं बजावलंय. आमच्या खर्र्याला, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेल्या मिश्रणाला, पाकीटच नाही, त्यामुळे तो करारात सापडत नाही. ‘माइल्ड घोट’ म्हटलं की ठेलेवाला तंबाखू चिमूटभर कमी टाकतो आणि आपण दिवसातून दोनऐवजी चार खातो. बिअरचंही तसंच. इंग्लंडात माइल्ड म्हणजे मुळात न मुरवलेली, ताजी बिअर. कमी कडक हा अर्थ तिला नंतर चिकटला. आमच्याकडे माइल्ड म्हणजे बायकोला सांगायची ती.

आता लोखंड. फॅब्रिकेशनवाला ‘गेट एमएसचं करू का?’ विचारतो तेव्हा मान डोलवा. एमएस म्हणजे माइल्ड स्टील हे त्यालाही आठवत नसतं. कार्बन कमी, साधारण पाव टक्क्याच्या आत, म्हणून माइल्ड. वाकतं, वेल्डिंग पटकन घेतं, आणि रंग उडाला की एका पावसात गंजतं. पायावर पडलं तर कार्बन किती होता याने फरक पडत नाही, हे अंगठ्याच्या अनुभवावरून सांगतो.

आमच्या सासरी कूलर ठेवलाय तो याच माइल्ड स्टीलच्या स्टँडवर. पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा, पंधरा वर्षांचा. मोटर जुनी, अर्थिंग नावापुरतं. पहिल्या उन्हाळ्यात मी त्याला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मी ओरडलो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, ‘काही नाही होत जवाईबापू, थोडा करंट मारते तो. माइल्ड आहे.’

मी सांगून पाहिलं की 30 मिलिअँपिअर गळती झाली की वीज तोडणारं एक यंत्र मिळतं, मीटरजवळ बसवायचं, एवढं साधं काम आहे. मामाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. तीस वर्षांत या घरात कोणी मेलं नाही, हे त्यांचं उत्तर. मग त्यांनी रबरी चप्पल काढून माझ्यापुढे सरकवली, पाइप माझ्या हातात दिला आणि नळ सोडायला स्वतः मात्र अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.