चालते ना, भाऊ!

दर्यापूर-मूर्तिजापूर रस्त्याला रसवंतीच्या सावलीत एखादी जुनी मारुती ८०० उभी दिसली की मला उसाचा रस गोड लागत नाही. रंग पांढरा, असं आरसी बुकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तो शिळ्या भाकरीवर गेलेला असतो. इतरांना ती नुसती जुनी गाडी दिसते, मला तिचे आजार दिसतात. त्यात विचारल्याशिवाय सांगायची खोड, त्यामुळे ताप मालकालाही होतो.

ही गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी रस्त्यावर आली आणि १८ जानेवारी २०१४ रोजी कारखान्यात बनायची थांबली. आमच्याकडे ती अजून बनते, जुन्या तिघींची मिळून एक. म्हणून एक दार निळं असलं तरी कोणी दचकत नाही.

पहिला आजार कानांनाच कळतो. वळणावर पुढच्या चाकातून टक-टक-टक आलं की समजावं, एक्सलच्या जॉइंटचं रबरी बूट फाटलंय. ग्रीस बाहेर पडलं आणि काळ्या मातीचा धुराळा आत गेला. फाटल्याबरोबर बूट बदललं, नवं ग्रीस भरलं, तर जॉइंट वाचतो. वाजायला लागल्यावर तो बहुतेक बदलावाच लागतो. हे सांगितलं की मालक शांतपणे म्हणतो, "वयतानीच वाजते ना भाऊ. आपला रस्ता सरयच हाय."

मग धूर. सकाळी चालू करताना निळा लोट येऊन विरला तर व्हॉल्व्हचे सील वाळलेत, रात्रभर ऑइल आत झिरपलंय. जोर देताना निळा धूर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. सीलचं काम थोडक्यात होतं. रिंगांसाठी इंजिन खोलावं लागतं, आणि एवढ्या पैशात तशीच दुसरी मारुती येते.

पण या भागात तिला खरं मारतं ते पाणी. पूर्णेच्या काठचा हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी माणूस तोंडात घेत नाही, गाडीला मात्र बादलीभर पाजतो. क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, नळ्या बुजतात. बाहेरून जाळीत कापसाचे तंतू अडकून हवाही बंद होते. मिस्त्री मग इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट काढून फेकतो, 'आपल्या उन्हात काय करायचा तो?' म्हणून. बुजलेल्या नळ्या त्यानं उघडत नाहीत. उलट हिवाळ्यात इंजिन थंडच राहतं आणि पेट्रोल जास्त पितं. खरा उपाय सोपा आहे: रेडिएटर धुऊन घ्या, अर्धं कूलंट नि अर्धं बॅटरीचं शुद्ध पाणी भरा, जाळी मागच्या बाजूनं पाण्यानं साफ करा. नाहीतर एक दिवस इंजिनाच्या हेडखालची पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट, उडतं, ऑइलात पाणी मिसळतं आणि ऑइलची काडी ताकात बुडवल्यासारखी निघते.

याच क्षारांच्या सोबतीनं पंखा आपोआप चालू करणारा सेन्सरही दगा देतो. तो नवा टाकायचा सोडून मिस्त्री पंखा डायरेक्ट करतो आणि डॅशबोर्डवर घरातल्या दिव्याचं बटण ठोकतो. आता पंखा मालकाच्या आठवणीवर चालतो. लावायचा विसरला तर इंजिन उकळतं, बंद करायचा विसरला तर बॅटरी उतरते. लग्नाच्या गडबडीत तो दुसऱ्या प्रकारे विसरतो.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की कार्बोरेटरवाल्या जुन्या मॉडेलचं वेगळंच नाटक. पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटलेला. उन्हात आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. गाडी हुंदके देत थांबते. पंपावर ओला दुपट्टा टाकून पाऊण तास नाही, पंधरा-वीस मिनिटं थांबलं तरी पुरतं. बॉनेट उघडं ठेवावं. तेवढ्यात रस होतो.

टायर मी मुद्दाम वाकून बघतो. १४५/७० आर १२, हातगाडीला शोभावं असं चाक. त्याच्या बाजूवर चार आकडे असतात. २३११ म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत, पण रबराला उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा. "घासलाच नाही अजून," मालक अभिमानानं सांगतो. पासिंगला तो चुलतभावाचे टायर चढवून जातो, कारण पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणीची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० ची थेट ५,००० झाली. एवढे भरून नापास कोण होईल?

शेवटी धक्का. गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास, तीन माणसं पुष्कळ. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून; पळण्याइतका वेग आला की क्लच झटकन सोडायचा. पहिला गिअर टाकाल तर चाकं आखडतात आणि ढकलणारे काचेवर आपटतात. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणाऱ्या, मॉडेलची बॅटरी पार मेली असेल तर घाम गाळू नये, तिच्या कॉम्प्युटरला नि पंपाला करंट लागतोच.

तिघं ढकलतात, त्यात तिसरा ओघानं मीच. गाडी खोकते, पकडते. आता बंद पडली तर पुन्हा ढकलावी लागेल म्हणून मालक थांबत नाही. पंख्याचं बटण दाबलं का, हे मी विचारेपर्यंत निळ्या धुरातून खिडकीबाहेर हात येतो:

"भाऊ, माया रसाचे पैसे देजा बरं!"